पंचेचाळीस अंशांची परीक्षा

त्वचेला लावायच्या क्रीमसाठी भारतीय मानक ब्युरोचं एक मानक आहे, आयएस ६६०८. त्यातली एक चाचणी अशी: काचेच्या बाटलीत दोन तृतीयांश भागापर्यंत क्रीम भरायचं, मध्ये हवा राहू नये म्हणून बाटली हलकेच आपटायची, झाकण घट्ट लावायचं आणि ४५ अंश सेल्सियसच्या इन्क्युबेटरमध्ये ती ४८ तास उभी ठेवायची. बाहेर काढल्यावर तेल सुटलेलं दिसलं की क्रीम नापास. पुण्या-मुंबईत या परीक्षेसाठी यंत्र चालवावं लागतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यात मे महिन्यात बाटली टिनाच्या छपराखाली ठेवली की झालं. मानकापेक्षा कडक परीक्षा होते, आणि विजेचं बिलही येत नाही.

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचं ठिकाण. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग गावाजवळून जातो. एका अंगाला टिपेश्वर अभयारण्याचं सागवानी जंगल, आसपास कोलामांचे पोड, म्हणजे पाडे, आणि गोंडांची गावं, बाकी सगळी काळी जमीन आणि कापूस. त्वचेला लावायच्या तेलांचा कच्चा माल इथे मुबलक आहे. जंगलात नि बांधावर मोह, करंज आणि कडुनिंब. शेतात तीळ, जवस, करडई. गरजही आहे. हिवाळ्यात हवा कोरडी होते, टाचांना भेगा पडतात, कापूस वेचणाऱ्या बायांची बोटं बोंडाच्या वाळक्या टोकांनी ओरबाडून निघतात. त्यामुळे ‘आपल्याच झाडांच्या तेलाचं आपलंच क्रीम’ ही कल्पना बचत गटाच्या बैठकीतही निघते आणि औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयातही. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा तर हा आवडता प्रकल्प. अहवालाचा शेवट बहुधा ठरलेला असतो: क्रीम मऊ झालं, छान पसरलं, खाज आली नाही, सबब यशस्वी.

क्रीम करणं तासाभराचं काम आहे. ते टिकतं का, बिघडतं केव्हा आणि कुणाच्या कातडीला झोंबतं, हे शोधायला महिने लागतात. ‘हर्बल’ शब्दाच्या भरात नेमकं हे दुसरं काम राहून जातं.

क्रीम म्हणजे एकमेकांशी न पटणारं तेल आणि पाणी, तिसऱ्याच्या मध्यस्थीनं एकत्र नांदवलेलं. पाण्यात तेलाचे सूक्ष्म थेंब असतील तर ते चटकन जिरतं आणि पाण्यानं धुतलं जातं; तेलात पाण्याचे थेंब असतील तर ते चिकट, जाड आणि जास्त वेळ टिकणारं होतं. ही युक्ती जुनी आहे. आयुर्वेदातलं शतधौत घृत म्हणजे तांब्याच्या भांड्यात शंभर वेळा पाण्यानं धुतलेलं तूप. पाणी घालून फेटायचं, वरचं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं घालायचं. शेवटी पिवळं तूप पांढरंशुभ्र, लोण्यासारखं हलकं होतं, कारण पाण्याचे बारीक थेंब त्यात अडकून बसतात. भाजल्यावर आणि दाहावर ते लावतात. तिकडे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यातल्या गॅलन या ग्रीक वैद्यानं ऑलिव्हचं तेल, मधमाश्यांचं मेण आणि गुलाबपाणी घोटून मलम केलं. अंगाला लावल्यावर त्यातलं पाणी उडून जातं आणि गारवा वाटतो. कोल्ड क्रीम हे नाव त्यावरून पडलं.

गॅलनचं मलम फार काळ एकजीव राहत नसे. पुढे त्यात टाकणखार आला आणि घडी बसली. मेणात मुळातच थोडी मुक्त आम्लं असतात. टाकणखार पाण्यात विरघळून किंचित अल्कधर्मी होतो, मेणातल्या आम्लाशी त्याची गाठ पडते आणि जागच्या जागी थोडा साबण तयार होतो. हाच तो मध्यस्थ. महाविद्यालयात शिकवलं जाणारं प्रमाण साधारण असं: १०० ग्रॅमसाठी मेण १६ ग्रॅम, तेल ५० ग्रॅम, टाकणखार ०.८ ग्रॅम, उरलेलं पाणी. मेण आणि तेल एका भांड्यात, टाकणखार आणि पाणी दुसऱ्यात. दोन्ही भांडी गरम पाण्यावर ठेवून ७०–७५ अंशांपर्यंत तापवायची. मग तेलात पाण्याची बारीक धार सोडत, एकाच दिशेनं, न थांबता ढवळत राहायचं. थर्मामीटर दोन्ही भांड्यांत बुडवून पाहायचा, कारण पाणी थंड असेल तर मेणाचे कण आधीच गोठतात आणि क्रीम रवाळ होतं. मिश्रण ४० अंशांपर्यंत उतरलं की सुगंध किंवा उष्णता न सोसणारा वनस्पतीचा अर्क घालायचा.

या पाठात ‘तेल’ म्हणून बहुतेक ठिकाणी लिक्विड पॅराफिन लिहिलेलं असतं, म्हणजे खनिज तेल. हर्बलवाल्यांना त्याचा राग येतो. पण ते आलं कसं, हे पाहण्यासारखं आहे. जुनी कोल्ड क्रीमं बदामाच्या नाहीतर ऑलिव्हच्या तेलातच होत असत आणि काही आठवड्यांत खवट होत. खनिज तेल खवट होत नाही, त्याला वास नाही, प्रत्येक डबा सारखा निघतो. वनस्पती तेलाचा दोष कारखानदारांना एका झटक्यात टाळता आला. आज आपण पुन्हा वनस्पती तेलाकडे जातो तेव्हा हाच जुना प्रश्न परत अंगावर घेतो आणि उत्तर आपल्यालाच शोधावं लागतं.

उत्तराची सुरुवात तेलाच्या निवडीपासून होते. तेलात दुहेरी बंध किती, हे आयोडीन मूल्यावरून कळतं. जितके बंध जास्त तितकं तेल पातळ आणि हवेतल्या ऑक्सिजनला तितकं लवकर बळी पडणारं. खोबरेल दहाच्या आसपास, मोह साठ-सत्तर, तीळ शंभराच्या थोडं वर, करडई १४० च्या आसपास आणि जवस १७० च्या पुढे. जवसाचं तेल लाकडाला लावलं की वाळून कडक पापुद्रा होतो, म्हणून ते रंग-वार्निशात वापरतात. जवसाची चटणी भाकरीबरोबर कितीही गुणाची असली तरी क्रीमचा पाया म्हणून हे तेल घेऊ नये. सरकीचंही तसंच. पांढरकवड्याच्या बाजारात सरकीला तोटा नाही, पण तिच्या कच्च्या तेलात गॉसिपॉल नावाचं गडद रंगाचं विषारी द्रव्य असतं. शुद्ध केल्याशिवाय ते कुठेच वापरण्याजोगं नाही.

खरा मान मोहाचा. मोहफुलं सगळ्यांना माहीत आहेत, पण तेल फुलांत नसतं, बियांत असतं. फुलं मार्च-एप्रिलमध्ये गळतात, फळं त्यानंतर धरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिकतात. त्या बिया फोडून, वाळवून घाण्यावर घातल्या की फिकट पिवळं तेल निघतं. ते हिवाळ्यात गोठून तुपासारखं होतं. आदिवासी घरांत ते स्वयंपाकाला, दिव्याला आणि अंगाला चोळायला पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलं आहे. त्यात ओलेइक, पामिटिक आणि स्टिअरिक आम्लांचा मोठा वाटा असल्यानं ते त्वचेला मऊपणा देतं. कोकणात भेगांना भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल लावतात, त्याच प्रकारचं हे विदर्भाचं द्रव्य. फरक इतकाच की भिरंडेल ४० अंशांच्या आसपास वितळतं आणि मोहाचं तेल २५ च्या आगेमागे. त्यामुळे डिसेंबरात घट्ट बसलेलं मोहाचं क्रीम मे महिन्यात ओघळतं. शिवाय सावकाश गार झालं तर त्यातली चरबी कणाकणानं गोठते आणि बोटाला रवा लागतो. रात्री दहा-बारा अंश आणि उन्हाळ्यात दुपारी पंचेचाळीस असा पल्ला असणाऱ्या गावात एकच कृती बारा महिने चालत नाही. उन्हाळ्यात मेण वाढवावं लागतं, हिवाळ्यात कमी करावं लागतं.

मोहाची दुसरी अडचण पावसाची आहे. बिया गोळा व्हायच्या वेळेला पाऊस सुरू होतो. ओलसर बिया पोत्यात राहिल्या की त्यांच्यातलेच विकर तेलाचे रेणू तोडतात आणि मुक्त आम्लं वाढतात. नाकाला ते लगेच कळेलच असं नाही, ब्युरेटला कळतं. ही तपासणी पांढरकवड्याच्या कुठल्याही विज्ञान महाविद्यालयात होऊ शकते. शंक्वाकृती चंबूत ५ ग्रॅम तेल घ्यायचं, त्यात आधी उदासीन केलेलं कोमट अल्कोहोल आणि फेनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब टाकायचे. वरच्या ब्युरेटमधून कॉस्टिक पोटॅशचं ०.१ नॉर्मल द्रावण थेंबाथेंबानं सोडत चंबू गोल फिरवायचा. थेंब पडतो तिथे गुलाबी ढग उठतो आणि हलवताच विरतो. तो विरायला वेळ घेऊ लागला की नळ आवळायचा, एकेक थेंब मोजायचा. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. लागलेल्या मिलिलिटरला ५.६१ नं गुणून तेलाच्या वजनानं भागलं की आम्ल मूल्य मिळतं. ४ मिलिलिटर लागले तर उत्तर साडेचार. जुन्या, भिजलेल्या बियांच्या तेलाला याच्या कितीतरी पट द्रावण लागतं. असं तेल टाकणखाराच्या पाठात घातलं की हिशेबच बिघडतो: मेणासाठी ठेवलेला खार तेलातली आम्लंच खाऊन टाकतात आणि क्रीम दुसऱ्या दिवशी फुटतं. करणारी बाई ढवळण्याला दोष देते, खरा दोष जुलैतल्या पोत्यात असतो.

करंजाचं तेल वेगळ्या कारणानं मोहात पाडतं. त्यातलं पोंगामॉल हे द्रव्य अतिनील किरणांचा काही भाग शोषून घेतं, करंजिनचा कीटकांना त्रास होतो. खरूज-नायट्यावर करंजेल लावायची रीत जुनीच आहे. पण त्याचा कडवट उग्र वास आणि गडद रंग दोन-तीन टक्क्यांच्या पुढे कुणी सहन करत नाही. ‘करंजामुळे उन्हापासून संरक्षण’ असं डब्यावर छापणाऱ्यानं तर त्या संरक्षणाचा आकडा मोजून दाखवला पाहिजे. तेल किरण शोषतं एवढं खरं असलं तरी डब्यातल्या दोन टक्क्यांचा उपयोग किती, हा स्वतंत्र प्रश्न आहे. कडुनिंबाचंही तेच. सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी १९४२ मध्ये निंबोळीच्या तेलातून निंबिन वेगळं केलं, तेव्हापासून या झाडावर ढिगानं संशोधन झालं. तरीही निंबोळीचं तेल घातलं म्हणून क्रीममध्ये बुरशी येणारच नाही, असं त्यातून सिद्ध होत नाही. आणि हे तेल लहान मुलांच्या पोटात जाणं धोक्याचं आहे.

पाणीही तपासावं लागतं, याचा अनेकांना पत्ता नसतो. पांढरकवडा परिसरातल्या भूजलात फ्लोराइड जास्त असल्याचा अभ्यास २००७ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला होता. क्रीमला फ्लोराइडपेक्षा जास्त नडतात ते बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. ते साबणाशी जुळून साका करतात. बादलीत कपड्यांचा साबण फेसत नाही, तेच इथे घडतं. मध्यस्थ गळून पडतो आणि तेल-पाणी वेगळं होतं. शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याला पर्याय नाही.

आता हळद. हर्बल क्रीम म्हटलं की हळद आलीच आणि महामार्गानं वर गेलं की वर्धा जिल्ह्यात वायगावची हळद आहे, भौगोलिक मानांकन मिळालेली. टाकणखाराच्या कोल्ड क्रीममध्ये हळदीचा अर्क घालून पाहा. पिवळं क्रीम होण्याऐवजी तांबूस झाक येते. हळदीला खार लागला की ती लाल होते. कुंकू करणाऱ्यांना हे शेकडो वर्षांपासून माहीत आहे. क्रीम लालसर झालं म्हणजे ते अल्कधर्मी आहे, त्याचा सामू (पीएच) आठच्या पुढे गेला आहे. मानक ४ ते ९ सामू चालवून घेतं, त्यामुळे कागदावर हे क्रीम पास होतं. निरोगी त्वचेचा सामू मात्र पाचच्या आसपास असतो आणि रोज आठ-नऊ सामूचं क्रीम लावणं कोरड्या त्वचेला चांगलं नाही. मला विचाराल तर या मानकाची ही मर्यादा फारच सैल आहे. हळद उन्हात फिकी पडते, कपड्याला डाग पाडते, हे वेगळंच.

क्रीम कोणत्या जातीचं झालं हे पाहायला एक छोटा प्रयोग आहे. सुदान नावाचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. क्रीममध्ये त्याचा कण मिसळून काचपट्टीवर पातळ थर द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. रंगहीन मैदानात लाल थेंब दिसले तर पाण्यात तेल. लाल मैदानात बिनरंगी थेंब दिसले तर तेलात पाणी. थेंब सारख्या आकाराचे आहेत का, हेही तिथेच कळतं. लहान-मोठे थेंब एकत्र असतील तर मोठे लहानांना गिळत जातात आणि ते क्रीम पुढेमागे फुटणार, हे ४८ तास थांबण्याआधीच समजतं. बाकीच्या परीक्षा भराभर सांगतो. दोन काचपट्ट्यांत क्रीम दाबून वजन टांगलं की ते किती सहज पसरतं ते कळतं. ब्रुकफील्ड यंत्र घट्टपणा मोजतं. सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवलं की महिन्यांनी होणारी फूट अर्ध्या तासात दिसू शकते. शिसं २० आणि आर्सेनिक २ भाग प्रति दशलक्ष यांच्या आत हवं. मुळं-साली जमिनीतलं काय काय ओढून घेतात ते आपल्याला दिसत नाही, म्हणून वनस्पतींच्या मालाला ही तपासणी जास्तच लागू आहे.

सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाणारी गोष्ट जंतूंची. इथे जुन्या वैद्यांचं शहाणपण आठवतं. शार्ङ्गधरसंहितेतल्या तैलपाकात एक भाग कल्क (वाटलेल्या वनस्पतींचा गोळा), चार भाग तेल, सोळा भाग द्रव घेऊन मंद आचेवर आटवतात. तेल तयार झालं की नाही याची परीक्षा ग्रंथातच दिली आहे: कल्काची वळून वात होते का पाहायचं, तो निखाऱ्यावर टाकायचा, तडतड आवाज आला तर आत पाणी उरलं आहे, पाक अपुरा. त्या लोकांनी तेलातलं पाणी हट्टानं काढून टाकलं, म्हणून त्यांचं तेल वर्ष वर्ष टिकलं. आपण क्रीम करताना तेच पाणी परत आत घालतो. मग ‘आजीच्या काळापासून हे तेल खराब होत नाही’ हा दाखला क्रीमला लागू पडत नाही. पाणी, कोरफडीचा गर, साखरेचे अंश असलेले अर्क आणि वर विदर्भातली ऊब: जंतूंना आणखी काय हवं? वरून दिसत काहीच नाही. स्यूडोमोनाससारखा जंतू दाटून आला तरी डब्यातलं क्रीम पांढरंशुभ्र असू शकतं. मानकानुसार एका ग्रॅममध्ये जिवंत जंतूंच्या १००० पेक्षा जास्त वसाहती असता कामा नयेत. त्याहून कठोर परीक्षा म्हणजे क्रीममध्ये मुद्दाम पाच जातींचे जंतू आणि बुरशी सोडायच्या आणि २८ दिवसांत त्या मरतात की वाढतात हे पाहायचं. व्हिटॅमिन ई घातलं की क्रीम टिकतं, हा समज फार पसरलेला आहे. व्हिटॅमिन ई तेलाचं खवटपण लांबवतं, जंतूंना ते अडवत नाही. सोडियम बेंझोएट अडवतं, पण आम्लधर्मी क्रीममध्येच. टाकणखाराच्या क्रीममध्ये ते जवळजवळ निरुपयोगी. प्रिझर्व्हेटिव्ह न घातल्याचा अभिमान डब्यावर मिरवणाऱ्यांकडे मी २८ दिवसांचा अहवाल मागेन.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे मानणाऱ्यानं टिपेश्वरच्या जंगलातलं बिब्ब्याचं झाड लक्षात ठेवावं. त्याच्या फळातलं काळं तेल शंभर टक्के वनस्पतीचं आहे, घाण्यावरही काढलेलं नसतं. धोबी त्यानं कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करत. बिब्बा अंगावर उतला तर फोड येतात, ते जायला आठवडे लागतात. कोरफडीचं पान कापल्यावर गळणारा पिवळा चीकही त्वचेला झोंबतो. पान उभं ठेवून तो निथळू द्यायचा आणि मगच गर काढायचा, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्या क्रीममुळे खाज सुटते आणि नाव कोरफडीचं बदनाम होतं. सुगंधी तेलं हे तर ॲलर्जीचं मोठं कारण.

उलट दिशेचा पुरावाही आहे आणि तो मोजून मिळालेला आहे. बांगलादेशातल्या एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या नवजात बाळांना सूर्यफुलाचं तेल हळूच चोळलं, तर रुग्णालयात होणारे संसर्ग लक्षणीय घटले. हा अभ्यास २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. सूर्यफुलात आणि आपल्या करडईत लिनोलेइक आम्ल भरपूर असतं, त्वचेच्या वरच्या थराची बांधणी त्यावर अवलंबून असते. मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात मोठ्या माणसांच्या हातावर काही आठवडे ऑलिव्हचं तेल लावलं, तेव्हा तोच थर कमकुवत झाला. सूर्यफुलानं तसं केलं नाही. दोन्ही तेलं नैसर्गिक, दोन्ही स्वयंपाकघरातली. कुठलं चांगलं हे लावून, मोजूनच कळलं.

त्वचेवरची पहिली परीक्षा योझेफ याडासॉन या त्वचारोगतज्ज्ञाच्या नावावर आहे. १८९५ मध्ये त्यानं मांडलेली पॅच चाचणी अजून तशीच चालते: पदार्थ पाठीवर पट्टीखाली लावायचा, ४८ तासांनी काढायचा आणि त्यानंतरही दोन दिवस पाहत राहायचं, कारण ॲलर्जी उशिरा उगवते. तासाभरात काही झालं नाही म्हणून ‘इरिटेशन नाही’ असं लिहिणं चूक आहे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला भारतात २०१४ पासून बंदी आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात ससा येऊ नये. माणसांवर करायची तर त्यांची लेखी संमती हवी. वर्गमैत्रिणीच्या हाताला चोळून पाहिलं, एवढ्यावर भागत नाही.

विकायचं ठरवलं की कायदा येतो. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांच्याखाली परवाना घ्यावा लागतो. जत्रेत टेबल मांडून चार डबे विकणाऱ्या गटालाही यातून सूट नाही. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं तर परवाना वेगळा. या दोन खान्यांमधली रेघ किती पुसट आहे ते विकोच्या प्रकरणात दिसलं. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये परळमध्ये सुरू केलेल्या या मराठी कंपनीचं हळदीचं क्रीम प्रसाधन की औषध, यावर अबकारी खात्याशी वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; निकाल कंपनीच्या बाजूनं, म्हणजे औषध. अर्थात औषध म्हटलं की दाव्यांची जबाबदारीही वाढते. डाग, कोड, खरूज बरं करतं असं वाटेल तसं छापलं तर १९५४ चा जादुई उपायांविरुद्धचा कायदा आहेच.

सल्ला घ्यायला ठिकाणं जवळच आहेत. शेजारच्या वर्ध्याला मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघ होता, तिथे झवेरभाई पटेलांनी बैलघाणी सुधारली. आज त्याच जागी महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. नागपूरला १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था म्हणून सुरू झालेलं आणि आता विद्यापीठ झालेलं केंद्र आहे, तिथे तेल तंत्रज्ञान शिकवलं जातं. पांढरकवड्याच्या गटानं पहिला डबा विकण्याआधी आपलं तेल आणि क्रीम घेऊन अशा ठिकाणी जावं.

आणि ज्यांना विकायचं नाही, घरच्याच भेगांना आणि वेचणीच्या बोटांना काहीतरी हवं आहे, त्यांनी क्रीमच्या भानगडीत पडू नये. पाणी न घालता मलम करावं. एक भाग स्वच्छ गाळलेलं मेण, चार भाग तीळ किंवा करडईचं ताजं तेल. मोहाचं चांगलं तेल मिळालं तर त्यातला निम्मा वाटा त्याचा. उन्हाळ्यात तेल तीन भागच घ्यावं. गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवायचं, कोरड्या रुंद तोंडाच्या डबीत ओतायचं, गार होईपर्यंत हलवायचं नाही. ओला हात आत घालायचा नाही. टाकणखार नसल्यानं सामूचा प्रश्न नाही, पाणी नसल्यानं जंतूंचा फारसा नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून पाहावं, उघड्या जखमेवर लावू नये. डबीवर तारीख लिहावी आणि तीन महिन्यांत संपवावं. वास खवट आला तर त्याआधीच टाकून द्यावं.